भुरीची नऊ अंडी

२ डिसेंबर, मंगळवार

फौजदार गेला त्याला आज चार दिवस. मुंगसानं मान धरली. भर दुपारी, हौदापासून दहा पावलांवर, केळीच्या वाळल्या पानांत. नर बदकाला मोठ्यानं ओरडता येत नाही, घशातल्या घशात काहीतरी घोगरं होतं, त्यामुळे मी शेडमध्ये असून मला कळलंच नाही. भुरीनं कालवा केला तेव्हा धावले. तोवर संपलं होतं.

चार दिवस वहीला हात लावला नाही. बदक मेलं म्हणून साठीच्या बाईनं रोजनिशी बंद ठेवावी, हे कुणाला सांगितलं तर हसतील. हे हसले नाहीत. खड्डा यांनीच खणला. खणून झाल्यावर कुदळीला टेकून म्हणाले, "आता ही एकटी काय करणार?"

तेच तर.

मायची बदकं. माझं लग्न झालं त्या वर्षी शेजारच्या आबांनी तापीकाठच्या भोयांकडून एक जोडी आणून तिच्या अंगणात सोडली. वडील आधीच गेलेले, मी एकुलती एक, तीही सासरी. त्या जोडीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, अशी अडतीस वर्षं. एके काळी बावीस होती. माय गेली तेव्हा सात, आणि आम्ही दोघं तिच्याच घरी राहायला आलो. दोन वर्षांत माझ्या हाताखाली सातांची एक झाली. चोपड्याच्या आसपास शेकड्यानं बाळंतपणं केली, नर्सबाईचा हात चांगला म्हणून बायका नाव काढतात. आणि मायची सात बदकं सांभाळता आली नाहीत.

३ डिसेंबर

पहाटे जागी झाले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. नर गेला तरी मादीच्या पोटात त्याचं बीज आठ-दहा दिवस टिकतं. म्हणजे भुरी आता देतेय ती अंडी जिवंत असणार!

टोपलीत पाच जमलीत. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली. केसपेपरची सवय.

अडचण एकच. भुरी बसायची नाही. मायची बदकं कधीच अंड्यावर बसली नाहीत. चालता चालता टाकतात आणि मागे वळून बघत नाहीत. माय खुडूक कोंबडीच्या पोटाखाली अंडी सरकवायची. तिच्याकडे कोंबड्याही होत्या. मी ठेवल्या नाहीत, घाण करतात म्हणून. आता घ्या.

४ डिसेंबर

सगळ्या गल्लीत विचारून झालं. थंडीत कोंबड्या खुडूक होत नाहीत हे ज्ञान मला आज आठ जणींनी दिलं. नवव्या घरी मीच ते त्यांना दिलं आणि चहा पिऊन परत आले.

सातपुड्याकडून बोचरं वारं येतंय. केळीची पानं कडेनं करपायला लागलीत.

५ डिसेंबर

सकाळी भुरी हौदाच्या कठड्यावर नुसती बसून. पाण्यात उतरली नाही. मी आत हात घालून पाणी हलवून दाखवलं. वेड्यासारखं.

ठिबक आलं आणि बदकांची मजा गेली. पूर्वी मोटर चालू झाली की पाट भरून वाहायचा. माय पुढे, खांद्यावर फावडं, आणि तिच्या मागे पाटातून बदकांची रांग. पाणी वळवायला ती पाटाचं बारं फोडायची, की रांग वळायची. नवीन पाणी जमिनीत शिरताना किडे वर येतात, ते टिपायला सगळ्यांची धांदल. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले की लेकरांना घेऊन तेच बघत बांधावर बसायचे. बाकीच्या माहेरवाशिणी झोक्यावर, मी बांधावर. माय ओरडायची, "आंडेर, झोका खेवाले जाय ना!" तिची ही लेक काही उठायची नाही. तिला पाठमोरं बघायला मला आवडायचं. चिखलात तिच्या पावलांचे ठसे आणि त्यांवर बदकांचे.

आता केळीच्या बुंध्याशी थेंब थेंब. पाणी वाचतं, खरंय. मीच बसवून घेतलं.

६ डिसेंबर, शनिवार

मिळाली!!

औषधाच्या गोळ्या आणायला चोपड्याला गेले होते. पत्र्याच्या कोठ्या बनवतात त्या गल्लीत जुबेदाआपांकडे सहज डोकावले. त्यांची धाकटी माझ्या हातची. दारातच फाटक्या गोणपाटावर लाल कोंबडी, अंग फुगवून, खाली काही नाही तरी बसलेली. हात लावायला गेले तर चोच मारली. मला इतका आनंद झाला की आपा घाबरल्या.

म्हटलं, रीत आहे तशी अर्धी पिल्लं तुमची. कोंबडीवाल्याचा अर्धा वाटा असतोच. आपा म्हणाल्या, "बदकं घेऊन मी काय करू बाई? या गल्लीत कोठीत पाणी भरून पोहवू? कोंबडी तेवढी परत द्या. नातीचा जीव आहे हिच्यावर."

बसमध्ये पिशवीतून डोकं बाहेर. कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट? मी म्हटलं, ज्येष्ठ नागरिक आहे.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी बसवली. मागच्या खोलीत, डाल्यात, खाली कडबा आणि चुलीतली थोडी राख, किडे होऊ नयेत म्हणून. आठ अंडी. कोंबडीच्या मानानं मोठी, पण तिनं चोचीनं एकेक ओढून पोटाखाली घेतलं. मी श्वास रोखून उभी.

उद्या दिवस पहिला. अठ्ठाविसावा दिवस चार जानेवारी.

माय, तू दिवस कसे मोजायचीस? चौकटीवर कोळशाच्या रेघा असायच्या, एवढं आठवतं. मी कधी विचारलं नाही.

९ डिसेंबर

केळीच्या पानाखाली आणखी एक अंडं सापडलं. गार, पण स्वच्छ. कालचंच असणार. घाईत डाल्यात सरकवलं. आता नऊ. भुरीचं हे शेवटचं दिसतंय. आज काही नाही.

दुपारी संगीता आली. आबांची सून, भिंतीपलीकडची. पदर चाळवत उभी राहिली, तेव्हाच ओळखलं.

"अक्का, आबास्ले अंडं पाह्यजे व्हतं. थंडी पडनी ना, छाती भरी ऱ्हायनी त्यासनी."

मी म्हटलं, बदक अंडी देत नाही सध्या.

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. डालं तिच्यापासून चार हातांवर होतं आणि कोंबडी नेमकी तेव्हाच आत खडबडली. संगीतानं तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं अक्का" म्हणाली आणि गेली.

या घरातून बदकाच्या अंड्याला पहिल्यांदा नाही गेलं.

११ डिसेंबर

मायचे बदकांचे नियम दोनच. अंडं विकायचं नाही. औषधाला मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि बदकाच्या अंड्यानं दमा हटतो यावर सगळ्या गावाचा विश्वास, त्यात आबांचा सगळ्यात जास्त. मार्गशीर्ष लागला की रोज सकाळी कानाला उपरणं गुंडाळून मायच्या ओट्यावर हजर. माय अंडं अर्धवट उकडून मिऱ्याची पूड घालून हातात द्यायची. मग चहा. मग गावभरच्या गोष्टी. पौष संपेपर्यंत हा रतीब.

नर्सिंगला गेल्यावर मला शिंगं फुटली. म्हटलं, माय, अंड्यानं दमा जात नाही. माय म्हणाली, "मंग तुनी सुईनं जास का?" त्या काळी आम्ही सर्दीपासून संसाराच्या कटकटीपर्यंत सगळ्याला बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन द्यायचो आणि लोक बरे होऊन जायचे.

माय गेल्यावर मीच सोय काढली. आबांना थंडीत यायला नको म्हणून अंडी संगीताकडे पोचती करायला लागले. दोन हिवाळे तसंच चाललं. यंदा तेही नाही.

भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतोय. मी रेडिओ लावला.

१४ डिसेंबर, रविवार

सातवा दिवस, तपासणी. हे वर्तमानपत्राची सुरळी आणि मोबाइलची बॅटरी घेऊन असे सज्ज, जणू एक्स-रे विभाग यांच्याकडेच आहे. खोलीची खिडकी गोणपाटानं झाकली तरी फटीतून उजेड येत होता. मी म्हटलं चालेल, माझे डोळे तयार आहेत.

सहा अंड्यांत लाल रेषांचं जाळं आणि मध्ये थरथरणारा ठिपका. पहिलं दिसलं तेव्हा मला रडूच आलं. यांनी मोबाइल बाजूला धरून पाठीवर हात ठेवला. फौजदार आहे गं, म्हणाले.

तीन स्वच्छ. काही नाही. ती काढून घेतली.

१५ डिसेंबर

चांगली बुद्धी झाली असं वाटलं. तीन पोकळ अंडी आहेतच, वासही नाही, आबांना एक का देऊ नये? नियमही राहील, वंशही राहील. स्वतः नेऊन संगीताच्या हातात दिलं. "बदकानं दिलं बघ आज," असंही म्हटलं. तिचा चेहरा उजळला.

परत येताना चालच बदलली होती माझी.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आबा आले. स्वतः. दोन वर्षांनी आमच्या ओट्याच्या पायऱ्या चढले. दोन पायऱ्यांत तीनदा थांबले. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली.

"इमल, हाई देख."

ताटली उचलली. अर्धवट उकडलेल्या अंड्यात लाल धागे आणि एक काळा ठिपका. डोळा होता तो.

आबा रागावलेही नाहीत. पायरीवर बसले, दम जरा खाली बसू दिला आणि म्हणाले, "चाळीस वरीस तुनी मायनी माले अंडं दिन्हं. असं कव्हयच व्हयनं नही." मग वाटी माझ्याकडे सरकवली. "केळखाले पुरी टाक. मांजरले टाकू नको."

आणि गेले. चहा विचारायचंही सुचलं नाही मला.

ते गेल्यावर टरफलाचे तुकडे पाहिले. पेन्सिलीची तारीख नव्हती. ही वही मागे उलटली. नऊ तारीख. घाईत सरकवलं, तारीख घातली नाही. ते अंडं दोन दिवस मागे होतं, म्हणून उजेडात मला पोकळ दिसलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या केसपेपरवर तारीख नाही म्हणून पोरींना फाडून खाल्लं मी.

उरलेली दोन फोडून पाहिली. ती खरंच पोकळ होती.

पुरलं. फौजदाराशेजारीच.

१७ डिसेंबर

काही नाही.

२१ डिसेंबर, रविवार

यांच्या जुन्या कचेरीतले चौघे सहकुटुंब आले. शेतात भरीत. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी, लसूण-मिरची लाकडी बडगीत कुटली, कळण्याच्या भाकरी संगीतानं थापून दिल्या. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलते. आबा नाही आले. दरवर्षी या जाळाजवळ पहिली बाज त्यांची असते.

संगीताला विचारलं, कसे आहेत. म्हणाली, "अंडं नको म्हनतस. कोनतंच नको." कोंबडीचं उकडून दिलं तरी ताटली परत. पंप दिलाय डॉक्टरांनी, तो देव्हाऱ्यामागे पडून. आणि बाज अजून कापसाच्या खोलीतच. वेचणीचा सगळा कापूस भाव वाढायची वाट बघत छतापर्यंत भरलेला, आणि त्याच्या पायथ्याशी दम्याचा म्हातारा. ऊब लागते म्हणे. दहा वर्षं सांगतेय मी, आबा, ही तूस छातीत जाते, त्या खोलीतून बाहेर पडा. ऐकतात कसले.

भरीत चांगलं झालं होतं. मला घास गेला नाही.

२४ डिसेंबर

एक अंडं खराब निघालं. वासावरून कळलं, अलगद काढलं. पाच राहिली.

आजपासून कोमट पाण्याचे शिंतोडे. बदकाच्या अंड्याला ओल लागते, कोंबडीला ते काय माहीत? माय बोटं बुडवून असे शिंतोडे मारायची, कणीक मळताना मारावे तसे. मी तिच्यासारखंच करून पाहिलं. कोंबडीनं माझ्याकडे पाहिलं ती नजर माझ्या सासूबाईंची होती.

भुरी हौदाशी येते, मी आले की मागे मागे फिरते. पूर्वी ढुंकून बघायची नाही.

२८ डिसेंबर

एकविसावा दिवस. कोंबडी अस्वस्थ आहे. दोनदा उठली.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी डालं रिकामं. कोंबडी अंगणात मजेत दाणे टिपतेय. अंडी कोमट, जेमतेम. उचलून परत बसवली, उठली. पुन्हा बसवली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा हातालाच रक्त काढलं. तिचं एकवीस दिवसांचं काम झालं, एक दिवस तर जास्तच बसली. चूक तिची नाही. पण माझे अजून सहा दिवस राहिलेत!

यांनी खोक्यात बल्ब लावला. दहा मिनिटांत लाइट गेली. आली. परत गेली. मी अंडी पदरात धरून पोटाशी घेऊन बसले आणि यांच्यावर ओरडत होते, जसं काही वीज मंडळ हेच चालवतात.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज. "इमल, काय व्हई ऱ्हायनं?"

सोळा तारखेनंतर पहिल्यांदा.

मी रडत सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "कापूसमा ठेव. तुनी माय तसंच करे. कोंबडी उठनी का मनाकडेच लई ये."

मला हे माहीत नव्हतं. अडतीस वर्षं मायची कितीतरी पिल्लं आबांच्या कापसातून निघाली आणि मला पत्ता नाही. मी असायचे कुठे? कुठल्या तरी उपकेंद्रात, कुणाच्या तरी उशाशी.

पाच अंडी पदरात घेऊन गेले. त्यांनी स्वतः कापसात कोपरापर्यंत खड्डा केला. हे बल्ब घेऊन मागे आले होते, तर आबा कडाडले, "कापूसजोगे बल्ब? घर पेटाडशी का जावाई?" शेवटी माझी गरम पाण्याची रबरी पिशवी, वर धोतराची घडी, त्यावर अंडी, त्यावर कापूस.

मग मला एक सुचलं. नर्सबाईचं डोकं चाललं. म्हटलं, आबा, एक अडचण आहे. आतल्या जीवाला हादरा सहन होत नाही. तुम्ही इथे झोपून खोकलात तर...

आबा उठले. स्वतःची घोंगडी काखेत मारली आणि संगीताला म्हणाले, "मनी बाज पडवीमा टाक." दाराशी थांबून माझ्याकडे वळले. "मना खोकलाना त्यासले तरास नको."

दहा वर्षं डॉक्टर, मी, सून, सगळे हरलो होतो. पडवीला पोती बांधून आडोसा केला, शेगडी नको म्हटलं, दोन रजया दिल्या. पंप धुऊन, दाखवून, दोन दाबे माझ्यासमोर घ्यायला लावले. "अंडासकरता," म्हटलं. घेतले.

घरी येऊन खूप हसले आणि मग खूप वाईट वाटलं. परत एकदा खोटंच सांगितलं मी त्यांना.

३१ डिसेंबर

दर तीन तासांनी पिशवीतलं पाणी बदलायचं. दिवसा मी, संध्याकाळी संगीता, रात्री हे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच यांना ड्यूटी लागली आहे, वहीत वेळ लिहून सही करतात.

मी कापसाच्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून जाते. आबा पडवीतून विचारतात, ऊब बरी शे का. मी सांगते, बरी शे.

२ जानेवारी

जुना स्टेथोस्कोप काढला. आबांची पाठ तपासली. महिनाभर भिंतीपलीकडून ऐकू येणारी ती शिट्टी बरीच कमी. खाली डाव्या बाजूला आहे थोडी. रात्री सलग झोपले, संगीता सांगत होती. जेवणही बरं आहे.

"देख," आबा म्हणाले, "अंडानं गुण उना. खादं नही तरी!"

मी तोंड उघडलं होतं. तूस, हवा, पंप, सगळं ओठांवर आलं होतं. म्हटलं, हो आबा, आलाच की.

मायच्या बाजूनं एवढं तरी मला बोलता आलं.

कोंबडी परत देऊन आले. आपांनी पिल्लांचं विचारलं. अजून नाही म्हटलं. निघाली तर नातीला दाखवायला आणा म्हणाल्या.

४ जानेवारी, रविवार

अठ्ठाविसावा दिवस. सकाळपासून काही नाही. प्रत्येक अंडं कानाला लावलं. तीन मुकी. एकात खुसखुस, माझाच कान वाजत असेल. पाचव्यात टकटक. स्पष्ट! टकटक, थांबणं, टकटक. मी स्टेथोस्कोप लावला. मग आबांच्या कानात घातला. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. संगीतानं ऐकलं. यांनी ऐकलं आणि वहीत वेळ लिहिली, ३.१०.

साडेचारला टरफलावर छोटी चांदणी. एक केसाएवढी भेग आणि तिच्यातून बारीक, अगदी बारीक आवाज.

भुरीला सांगायला हौदावर गेले. कुणी बघितलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

सकाळचे अकरा. कापसाच्या खोलीतच बसून लिहितेय.

चांदणी तेवढीच आहे. काल साडेचारपासून पुढे सरकली नाही. आवाज येतो पण कालच्यापेक्षा कमी. बाकीची चार शांत.

हात शिवशिवतायत. अडलेली बाई समोर असताना मी कधी नुसती बसून राहिले नाही. नखानं एक तुकडा काढला तर? पण आतला पडदा अजून रक्तानं भरलेला असेल तर तेवढ्यानंच जाईल. नाही काढला आणि ते दमून गेलं तर? दोन्ही पाहिलंय मी. माणसांत. तिथं निदान वरून सांगणारे डॉक्टर असायचे. माय काय करायची, ते बघायला मी कधी घरात नव्हते.

आबा दाराशी, उन्हात, बाजेवर. आत येत नाहीत. खोकल्याचा हादरा बसेल म्हणून. सकाळपासून एकदाही खोकले नाहीत पण तरी येत नाहीत. शेवटी मीच बाहेर जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसले. विचारलं, आबा, माय अशा वेळी फोडायची का?

"कव्हय फोडे, कव्हय नही."

"मग कळायचं कसं तिला?"

"काय माहीत. बठी ऱ्हाये. तू बठेल शे तशीच."

मग आबाच म्हणाले, "एक सांगू का? माले ते अंडं कव्हयच आवडनं नही. उग्र वास येस त्याले."

मी म्हटलं, "मंग चाळीस वरीस काबरं खादं?"

"तुनी माय हातमा देये ना." उपरणं सारखं केलं. "एकटी ऱ्हाये ती. कोनी तरी सकायले जावाले पाह्यजे व्हतं. आनि मना बी पाय तठेच वये."

मी गेली दोन वर्षं त्यांची अंडी घरपोच करत होते. थंडीत यायला नको म्हणून.

आबा हौदाच्या दिशेनं बघत होते. म्हणाले, "हाई निंघनं तर माले अंडं धाडू नको. मी येसू. सकायले येवाले काही निमित पाह्यजे माणूसले."

म्हटलं, "आबा, नही निंघनं तरी या."

त्यांनी मान हलवली की ती थंडीनं हलली, कळलं नाही.

आत आले. पिशवीतलं पाणी बदललं. अंड्यावर ओला हात फिरवला. आता कानाशी धरून बसलेय. टकटक आहे. थांबते, मग पुन्हा आहे.

बारा वाजून वीस मिनिटं. अजून हात लावलेला नाही.